मशीन एम्ब्रॉयडरी घरच्या घरी: बॅकिंग, हूप आणि देवनागरी नावं

टाकेबहाद्दर (धागा काढणारे), नौपाडा

आपल्या फोरमवर बाळंतविड्याच्या धाग्यावर (चर्चेत) दर चार प्रतिसादांमागे एक "मशीनवर नाव कसं काढायचं?" यायला लागलं आणि कुंच्या-टोपड्यांची मूळ चर्चा बाजूला पडली. म्हणून हा वेगळा धागा. विषय एवढाच: घरी, एका सुईच्या कॉम्प्युटराइज्ड मशीनवर हौसेने करायचं भरतकाम. कारखान्यातली मल्टिहेड मशीनं, जॉबवर्कचे दर वगैरे इथे नको.

पहिला प्रश्न नेहमी "कुठलं मशीन घेऊ?" असा असतो. माझ्या मते तो तिसरा प्रश्न आहे. पहिला म्हणजे काय भरणार, आणि दुसरा, कशावर भरणार. रुमाल, टोपडं, पर्सचा कोपरा, बाळाचं नाव एवढंच असेल तर १०० × १०० मिमी हूप (कापड धरून ठेवणारी मशीनची चौकट) पुरतो. ब्लाउजची पाठ, उशीचा अभ्रा, देवाचं आसन असं काही डोक्यात असेल तर किमान १३० × १८० बघा. छोट्या हूपमध्ये मोठं डिझाइन तुकडे पाडून जोडता येतं, पण १ मिमी सरकलं तरी जोड दिसतो, आणि ते नवशिक्याचं काम नाही. दुकानदार माप इंचात सांगतो, चार बाय चार, पाच बाय सात. ते भरता येणाऱ्या जागेचं आहे की हूपच्या बाहेरच्या कडेचं, हे तिथेच विचारून घ्या.

आपल्याकडे घरगुतीत मुख्यतः ब्रदर आणि उषा जनोमे मिळतात. डिझाइनची फाइल ब्रदरची पीईएस, जनोमेची जेईएफ. डीएसटी हे ताजिमाचं औद्योगिक फॉरमॅट. त्यात धाग्याचे खरे रंग नसतात, फक्त "थांब, रंग बदल" एवढीच खूण असते. त्यामुळे पडद्यावर मोर जांभळा-नारिंगी दिसला तरी घाबरू नका, धागा तुम्ही लावाल तोच येणार. फाइल मात्र मशीनवर १० टक्क्यांहून जास्त लहान-मोठी करू नका. बऱ्याच मशीनवर टाक्यांची संख्या तीच राहते आणि फक्त माप बदलतं. लहान केलं की टाके दाटून सुई मोडते, मोठं केलं की मधून कापड दिसतं.

कुणी नातेवाईक अमेरिकेतून मशीन आणणार असतील तर ते १२० व्होल्टचं असतं. आपल्या २३० वर थेट लावलं की संपलं. चांगला स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि इथलं सर्व्हिस सेंटर ते हातात घेईल का, हे आधी विचारा.

जागेचं कुणी बोलत नाही, म्हणून सांगतो. हूप चालताना मागे आणि डावीकडे बराच बाहेर येतो. वन बीएचकेत टेबल भिंतीला चिकटवलेलं असतं, हूपचं टोक भिंतीला टेकतं आणि तिथून पुढचं सगळं डिझाइन सरकतं. मग लोक "मोटर गेली" म्हणून मशीन दुकानात नेतात. मोठ्यात मोठा हूप लावून, ट्रेस बटण दाबून, चारही कोपरे फिरवून पाहा आणि मगच टेबलाची जागा ठरवा. घडीचं टेबल नको. ते डुगडुगलं की बाह्यरेषा आणि भरणी यांच्यात फट पडते.

सुरुवातीचं सामान: ४० नंबरचा एम्ब्रॉयडरी धागा आठ-दहा रंगांत, खालच्या बॉबिनसाठी ६० किंवा ९० नंबरचा पांढरा धागा (नंबर जितका मोठा तितका धागा बारीक), ७५/११ च्या सुया दहा, बॉल पॉइंट (गोलसर टोकाच्या) ७५/११ पाच, वाकड्या टोकाची छोटी कात्री, आणि बॅकिंग, म्हणजे कापडाखाली लावायचा आधाराचा थर. हजार टाक्यांना वरचा धागा साधारण ५ ते ६ मीटर जातो, म्हणजे हजार मीटरचं रीळ हौशी माणसाला भरपूर पुरतं. सुई सात-आठ तासांच्या चालीनंतर बदला, मोडायची वाट पाहू नका. घरगुती मशीनला एका बाजूने चपट्या दांड्याची, १३०/७०५ एच सुई लागते. गोल दांड्याची डीबी सुई इंडस्ट्रियल मशीनची, ती स्वस्त मिळते म्हणून उचलू नका.

बॅकिंगबद्दल एकच सूत्र लक्षात ठेवा. कापड ओढल्यावर ताणलं जात असेल तर कटअवे (भरून झाल्यावर जादा भाग कात्रीने कापायचा), ताणलं जात नसेल तर टेअरअवे (हाताने फाडून काढायचा). कुर्ता, खादी, चादर, रुमाल यांना ५० जीएसएमच्या (चौरस मीटरला ५० ग्रॅम) आसपासचा टेअरअवे चालतो. टी-शर्ट, होजिअरी, स्वेटर यांना ७०-८० जीएसएमचा कटअवे. टॉवेल, मखमल यांना खाली बॅकिंग आणि वर पाण्यात विरघळणारी पातळ फिल्म, नाहीतर टाके कापडाच्या लवेत बुडतात. आणि कॉलरचं बकरम म्हणजे बॅकिंग नव्हे. ते टाक्यांना आधार देतं, हे खरं, पण धुतल्यावरही तसंच ताठ राहतं आणि अंगाला टोचतं.

---

सुईदोरा, वाशी

मस्त धागा. कॉटनच्या कुर्त्यावर सगळं नीट येतं, पण त्याच फाइलने होजिअरीच्या टी-शर्टवर गोल वर्तुळ लंबगोल होतं आणि भोवती चुण्या पडतात. टेन्शन कमी-जास्त करून काही फरक नाही. कुठे बिघडतंय?

---

बॉबिनबाई, कोपरी

@सुईदोरा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कारणंही वेगळी.

वर्तुळ लंबगोल होतं ते ओढीमुळे. टाका ज्या दिशेने जातो त्या दिशेने कापड आत ओढलं जातं, आणि टाक्यांच्या रांगा ज्या दिशेने पुढे सरकतात तिकडे कापड ढकललं जातं. म्हणून आडव्या टाक्यांचं वर्तुळ अंडाकृती उभं राहतं. कुर्त्यावर ही ओढ लपते, होजिअरीवर उघडी पडते. उपाय फाइलमध्ये आहे: पुल कॉम्पेन्सेशन (ओढीने आवळेल तेवढा आकार आधीच रुंद ठेवणं) ०.३ ते ०.४ मिमी द्या आणि वरच्या भरणीखाली अंडरले घाला. अंडरले म्हणजे आधी विरळ टाक्यांनी कापड बॅकिंगला टाचून घेणं. आधी कडेने रनिंग (साधा धावता टाका), मग भरणीच्या काटकोनात विरळ रांगा.

चुण्या पडतात त्या हूपिंगमुळे. तुम्ही टी-शर्ट हूपमध्ये ताणून बसवताय. ताणलेल्या कापडावर टाके पडतात, हूप काढला की कापड मूळ मापाला येतं, टाके येत नाहीत. मधला फरक चुणी होऊन बाहेर पडतो. कितीही इस्त्री करा, जाणार नाही.

असं करा:

१. हूपमध्ये फक्त कटअवे घट्ट बसवा. बोटाने टिचकी मारली की आवाज यायला हवा.
२. त्यावर एम्ब्रॉयडरीचा तात्पुरता चिकट स्प्रे हलका मारा. मशीनपासून लांब, खिडकीत. मशीनजवळ मारलात तर बॉबिन केसमध्ये चिकटा बसतो.
३. टी-शर्ट वर नुसता ठेवा आणि तळहाताने मधून बाहेर सपाट करा. ओढायचं नाही.
४. मशीनमध्ये बेस्टिंगची चौकट असेल तर ती आधी चालवा. नसेल तर डिझाइनच्या बाहेर चार बाजूंना हाताने धावदोरा घाला.
५. बॉल पॉइंट सुई, वेग मिनिटाला ५००-६०० टाके. घनता (टाक्यांच्या रांगांमधलं अंतर; आकडा मोठा तितकी भरणी विरळ) ०.४० ऐवजी ०.४५ मिमी.
६. झाल्यावर मागचं बॅकिंग टाक्यांपासून ५-६ मिमी सोडून कापा. टाक्यांलगत कापलंत तर दोन-चार धुण्यांत कडा उचलतात.

टी-शर्टचा बाकीचा गोळा हूपखाली जाऊन शिवला जात नाहीये ना, हे दर रंगाला वाकून बघायचं. पुढचा भाग मागच्या भागाला शिवला जाणं ही या छंदातली सर्वात कॉमन दुर्घटना आहे.

---

हूपमास्तर, घणसोली

बॉबिनबाईंशी बहुतांशी सहमत, पण कापड नुसतं वर ठेवण्याला मर्यादा आहे. पाच-सहा हजार टाक्यांपर्यंत ठीक. दहा-बारा हजारांची गच्च भरणी असेल तर स्प्रेवर ठेवलेलं कापड हळूहळू आत सरकतं आणि शेवटी येणारी काळी बाह्यरेषा एका बाजूला उघडी पडते. तिथे कापड आणि बॅकिंग दोन्ही हूपमध्येच हवेत. होजिअरीला चिकटणारं फ्यूजिंग मागून आधी इस्त्रीने लावून घ्या, मग ती ताणलीच जात नाही आणि हूप करता येते.

हूप बसवताना स्क्रू आधी जवळजवळ पूर्ण आवळून ठेवायचा आणि आतली रिंग दाबून बसवायची. आधी सैल बसवून, मग स्क्रू पिळून, मग चारही बाजूंनी कापड खेचायचं, ही पद्धत हाताच्या रिंगची. तिथे चालते, इथे नाही. आतली रिंग बाहेरच्या रिंगपेक्षा केसभर खाली उतरली की समजा बरोबर बसली.

---

बॉबिनबाई, कोपरी

मान्य. टी-शर्टवर दहा हजार टाके घालूच नयेत असंही माझं मत आहे. छातीवर पुठ्ठा बांधल्यासारखं लागतं.

---

चिंगी_ऐरोली

खाली धाग्याचा गुंता होतो, मशीन घर्रर्र करून थांबतं. बॉबिन तीनदा बदलली. बॉबिनचं टेन्शन स्क्रू फिरवू का?

---

टाकेबहाद्दर, नौपाडा

स्क्रूला हात लावू नका. खाली गुंता दिसला की कारण वर शोधायचं, हा नियम जवळजवळ कधी चुकत नाही.

प्रेसर फूट खाली असताना वरचा धागा ओवला की धागा टेन्शनच्या दोन चकत्यांमध्ये शिरत नाही, नुसता वरून जातो. वर ताणच नाही, त्यामुळे हूक जेवढा धागा ओढेल तेवढा खाली साचतो. फूट वर करा, धागा पूर्ण काढा, पुन्हा ओवा. वरखाली होणाऱ्या टेक-अप लिव्हरच्या डोळ्यात धागा गेला आहे ना, तेही बघा. मग फूट खाली करून धागा हाताने ओढा. ओढताना अडखळत, सुई वाकेल इतका जोर लागला तर बरोबर. फूट वर असताना सरकन आला पाहिजे. हा फरक जाणवला की तुमचं काम झालं.

आता तपासणी. ५ मिमी रुंदीची, ३० मिमी लांब सॅटिनची (या कडेपासून त्या कडेपर्यंत जाणाऱ्या दाट टाक्यांची) पट्टी काढा आणि हूप उलटा करून पाहा. मागे मध्ये पांढरा बॉबिन धागा साधारण एक तृतीयांश, दोन्ही बाजूंना वरचा रंग, असं हवं. मागे पांढरं दिसतच नसेल तर वरचं टेन्शन सैल आहे. पांढरं अर्ध्याहून जास्त असेल, किंवा पुढच्या बाजूला कडेला पांढरे ठिपके येत असतील, तर वरचं टेन्शन घट्ट आहे. स्क्रीनवर एक-एक घर बदला आणि दर वेळी नवीन पट्टी काढा. पट्ट्यांशेजारी पेनने आकडे लिहून तो तुकडा जपून ठेवा.

एवढं करूनही गुंता होत असेल तर सुईची प्लेट काढून ब्रशने कापूस साफ करा. फुंकर मारू नका, ओलावा आत जातो आणि कापूस आणखी खोल. आणि ड्रॉप-इन (बॉबिन वरून टाकायच्या) मशीनमध्ये कंपनीने सांगितलेल्या मापाचीच प्लॅस्टिक बॉबिन. दोन मापांच्या बॉबिनी शेजारी ठेवल्या तर डोळ्यांना सारख्याच दिसतात, पण उंचीला मिलिमीटरभराचा फरक असतो. गुंता व्हायला तेवढा पुरतो.

---

चिंगी_ऐरोली

फूटचंच होतं. _/\_

---

अक्षरवेल, सीवूड्स

देवनागरीचं कुणी नीट लिहीत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

घरगुती मशीनमधले तयार फॉन्ट बहुतेक रोमन असतात. काही जण देवनागरी अक्षरांच्या सुट्या फाइल विकत घेतात, 'अ', 'क', 'ग' वेगवेगळे, आणि स्क्रीनवर शेजारी शेजारी लावतात. इथेच फसतं. प्रत्येक अक्षराची शिरोरेषा वेगळी भरली जाते, मशीन मध्ये धागा कापतं, आणि प्रत्येक जोडावर एकतर फट पडते नाहीतर टाके दुप्पट होऊन गाठ येते. 'सावनी' लिहिलं तर तीन अक्षरांवर तीन टोप्या ठेवल्यासारखी दिसतात. शिरोरेषा संपूर्ण शब्दाची एकच, सगळी अक्षरं झाल्यावर, एका दमात भरली तरच नाव आपलं दिसतं.

इंकस्केप हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर आणि चित्राची टाक्यांची फाइल करणारं त्यावरचं इंकस्टिच हे एक्स्टेंशन, दोन्ही मोफत आहेत. फॉन्ट जाड-बारीक फरक नसलेला घ्या. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे 'बालू' आणि 'मुक्ता' हे दोन्ही फॉन्ट मोफत मिळतात. बालूची जाडी आणि गोलाई सॅटिनला फार सोयीची. बोरूच्या वळणाचे सुंदर फॉन्ट मोह घालतात, पण त्यांच्या बारीक रेषा अर्ध्या मिमीच्या होतात आणि तिथे सॅटिन पडतच नाही.

मापं: शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत साध्या नावाला किमान १० मिमी. 'कृष्णा', 'ज्ञानदा', 'श्रीरंग' अशी जोडाक्षरं असतील तर १४-१५ मिमी. रोमन कॅपिटल ५-६ मिमीत निभावतं, ते बघून देवनागरी त्याच मापात बसवायला जाऊ नका. वर मात्रा आणि खाली उकार धरून जागा दीडपट लागते. त्याहून लहान हवंच असेल तर ६० नंबरचा धागा आणि ६५/९ ची सुई.

पद्धत अशी: नाव टाइप करा, हव्या मापाला आणा आणि तो थर लॉक करा. तो फक्त गिरवायला. आता वरच्या थरावर प्रत्येक फटकारा रेघ म्हणून काढा, रेघेची जाडी २ मिमी द्या आणि इंकस्टिचमधून रेघेचं सॅटिन करून घ्या. फॉन्टची बाह्यरेखा थेट भरायला दिली तर इंकस्टिच फिल टाका (रांगांनी जागा भरणारा) देतं. तो मोठ्या अक्षरांत चालेल, १२ मिमीत बोथट दिसतो.

क्रम: डावीकडून उजवीकडे एकेक अक्षर, प्रत्येकात आधी गोलाई, मग काना. सगळी अक्षरं झाली की शिरोरेषा. तिच्यानंतर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. उकार मात्र त्या त्या अक्षराबरोबरच.

आता शिरोरेषा. ती आडवी पट्टी, तिचे टाके उभे. त्यामुळे उंचीला ती आवळते आणि लांबीला ढकलली जाते. २ मिमी दिसायला हवी असेल तर २.३ ठेवा आणि दोन्ही टोकांना सुमारे ०.४ मिमी आखूड काढा. भरल्यावर बरोबर जागेवर येते. काना तिच्यात पूर्ण घुसवू नका. २ मिमी पट्टीत काना पूर्ण गेला तर तिथे दोन सॅटिन एकावर एक येतात, उंचवटा होतो, सुई घसरते आणि नेमका तिथेच धागा तुटतो. काना पट्टीच्या मध्यापर्यंत, म्हणजे साधारण १ मिमी आत, एवढा पुरे. शिरोरेषेखाली मधोमध एक रनिंगचं अंडरले. घनता ०.४ मिमी. ६० मिमी लांब शिरोरेषेला ६० भागिले ०.४ म्हणजे १५० फेऱ्या, जाऊन-येऊन ३०० टाके. ६०० च्या वेगाने अर्धं मिनिट.

अनुस्वार १.५ मिमीहून लहान करू नका. सुई त्याच जागी इतक्या वेळा शिरते की टिंबाऐवजी भोक पडतं. वेलांटीचं टोक १ मिमीहून बारीक होत असेल तर तेवढा भाग सॅटिनऐवजी तिहेरी रनिंगने काढा. 'कु', 'रू' यांच्या उकाराच्या आतल्या वळणावर टाके दाटतात. तिथे आतल्या बाजूचे काही टाके आखूड ठेवायची सोय असते, ती चालू करा.

---

बिनटाका, मानपाडा

एवढा खटाटोप कशाला? फोटो टाकला की आपोआप फाइल बनवून देणारी सॉफ्टवेअरं आहेत की.

---

अक्षरवेल, सीवूड्स

आहेत. स्वच्छ, सपाट चार रंगांचं फूल दिलंत तर बरं देतात. 'चि. आर्यन' दिलंत तर ते त्याला अक्षर म्हणून ओळखत नाही, काळ्या रंगाचा एक डाग म्हणून ओळखतं. टाके मनाला येईल त्या दिशेने पडतात, 'चि.'चा पूर्णविराम गाळला जातो, आणि शिरोरेषा अक्षरांसकट एकाच तुकड्यात भरली जाते. करून पाहायचं तर पांढऱ्या चिंधीवर करा, पैठणीवर नको.

---

जरीकाठ, ठाणे पूर्व

पैठणीचा विषय निघालाच आहे तर रेशीम आणि खणाबद्दल.

खण: वीण खरबरीत आणि कापल्यावर कडा पटापट सुटतात. कापायच्या आधी मागून हलकं फ्यूजिंग इस्त्रीने लावा, मग हूप. खणात मूळचीच नक्षी असते, त्यामुळे बारीक टाक्यांचं डिझाइन त्यात हरवतं. ठसठशीत सॅटिन, एक-दोन रंग, बस. नक्षीची आडवी ओळ हूपच्या जाळीपट्टीला (चौकटी आखलेल्या पारदर्शक पट्टीला) समांतर बसली पाहिजे, नाहीतर नाव सरळ असूनही तिरकं दिसतं.

रेशमी पदर किंवा ब्लाउजपीस: ६५/९ किंवा ७०/१० ची नवी सुई. जुन्या सुईने रेशमाचे धागे ओढले जातात आणि त्याला उपाय नाही. हूपची आतली रिंग सुती पट्टीने गुंडाळून घ्या, नाहीतर हूपचा वळ उठतो. मखमलीवर तर हूप लावूच नका, वळ जात नाही. तिथे बॅकिंग हूपमध्ये आणि मखमल वर. उसवायची वेळ रेशमावर येऊ देऊ नका, सुईची भोकं राहतात. त्याच जातीच्या कापडाच्या तुकड्यावर आधी एकदा पूर्ण भरून बघायचं, यात सूट नाही.

जरीचा धागा तुटतो ही सगळ्यांची तक्रार. जरीचा धागा म्हणजे गाभ्यावर गुंडाळलेली चपटी पट्टी. सुईचा डोळा लहान असला की ती पट्टी सोलली जाते. म्हणून ९०/१४ ची मेटॅलिक सुई, तिचा डोळा मोठा असतो. वेग ४०० च्या आसपास. वरचं टेन्शन एक-दोन घरं सैल. घनता ०.५ मिमी आणि १ मिमीहून आखूड टाके असलेलं डिझाइन निवडूच नका. रीळ मशीनपासून फूटभर लांब, स्टँडवर ठेवा, म्हणजे सुईपर्यंत येईतो पीळ सुटतो. रिळावर जाळीची पिशवी चढवली की धागा उड्या मारत नाही. एवढं केलं की तुटणं बरंच कमी होतं. पूर्ण थांबत नाही, तेव्हा जरी लावून स्वयंपाकघरात निघून जाऊ नका.

---

खाडीकिनारा, बेलापूर

पावसाळ्याचं कुणीतरी लिहायलाच हवं.

पाण्यात विरघळणारी फिल्म जुलैत हवेनेच नरम आणि चिकट होते. हिवाळ्यात तीच कडक होऊन तडकते. झिपच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा, वापरायच्या वेळीच काढा. सुया मूळच्या डबीत, त्यातही एक पुडी. रेयॉन धागा ओला झाला की कमजोर पडतो, दमट दिवसांत उघड्या स्टँडवरचा रेयॉन जास्त तुटतो. पॉलिएस्टरला हा त्रास नाही. ब्लीच, उन्हातलं वाळवण, रोजची धुलाई ज्या कपड्यांना आहे त्यांना पॉलिएस्टरच. रेयॉनची चमक मऊ आणि देखणी, ती शाल, तोरण, भिंतीवरच्या चौकटींसाठी.

वीज: घरगुती मशीनला फार वॉट लागत नाहीत. कॉम्प्युटरचा साधा ६०० व्हीएचा यूपीएस चालू रंग संपवून मशीन शिस्तीत बंद करायला पुरतो. वीज गेलीच तर बऱ्याच मशीनवर पुन्हा सुरू केल्यावर तिथून पुढे चालू करायचा पर्याय येतो. मात्र तोवर हूप काढायचा नाही. काही टाके मागे जाऊन सुरू करा, म्हणजे जोड दिसत नाही.

---

सुईदोरा, वाशी

सामान कुठून आणता सगळे? वाशीत रंग मिळतात, पण कटअवे मागितला की दुकानदार बकरम दाखवतो.

---

हूपमास्तर, घणसोली

कापड आणि अस्तरासाठी मंगळदास मार्केट. हार्बरने मशीद किंवा सीएसएमटीला उतरा, ठाण्याहून जलद लोकलने सीएसएमटी. रविवारी जाऊ नका. जरी, लेस, टिकल्यांना भुलेश्वर. रोजचा किरकोळ माल ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात होतो. बॅकिंग मागताना "कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचा नॉनवोवन पेपर" असं म्हणा आणि हाताने फाडून बघा. सहज, सरळ फाटला तर टेअरअवे. ओढूनही फाटत नसेल तर कटअवे. नावावर जाऊ नका, दुकानागणिक बदलतं. पाच-पाच मीटर पुरे, पूर्ण ताका आणून घरात ठेवायला जागा कुणाकडे आहे?

---

पायमशीन, कळवा

मशीनवर एवढा खर्च करण्याआधी हौस टिकते का पाहायचं असेल तर घरातल्या साध्या शिलाई मशीनवर सुरू करा. पायाने चालवायच्या काळ्या मशीनवरही होतं.

कापड पुढे सरकवणारे दाते खाली करा किंवा त्यांवर प्लेट बसवा, टाक्याची लांबी शून्य. फूट काढा किंवा डार्निंग फूट लावा. कमी उंचीची लाकडी रिंग घ्या, सहा-सात इंची. कापड रिंगच्या तळाला येईल असं, हाताच्या भरतकामाच्या उलट बसवा, म्हणजे ते मशीनच्या पाट्यावर सपाट टेकतं. फूट नसला तरी फूटचा खटका खाली करायचाच, नाहीतर टेन्शन लागत नाही आणि वर चिंगीताईंना झाला तोच गुंता होतो. खालचा धागा वर ओढून घ्या, दोन्ही टोकं धरून दोन-तीन टाके जागच्या जागी, मग रिंग हाताने फिरवायची. पाय सारख्या वेगाने, हात सावकाश. हात जोरात फिरला की टाके लांब पडतात आणि सुई वाकून प्लेटवर आपटते. बोटं रिंगच्या कडेला ठेवा, सुईजवळ नकोत.

पहिल्यांदा सरळ रेघा, मग गोल, मग पानं. पेन्सिलने आपलं नाव लिहून त्यावरून चालवा. इथे शिरोरेषेचा वर दिलेला त्रास नाही, हात आपलाच आहे.

---

जरीकाठ, ठाणे पूर्व

+१. यात ओढ, घनता, बॅकिंग हे सगळं हाताला कळतं. मग सॉफ्टवेअरमधला आकडा बदलताना आपण काय करतोय ते समजतं.

---

गोधडीवाली, पनवेल

वाचनखूण साठवली. एकच शंका. मलमलच्या टोपड्यावर नाव काढायचंय. टोपडं शिवलेलं आहे, हूपमध्ये मावत नाही. आणि मागची बाजू बाळाला टोचणार नाही याचं काय?

---

बॉबिनबाई, कोपरी

शिवलेलं टोपडं हूप करण्यापेक्षा कपाळपट्टीची शिवण तेवढी उसवा, पट्टी सपाट भरा, पुन्हा शिवा. नवीन शिवणार असाल तर कापायच्या आधीच मोठ्या चौकोनी तुकड्यावर नाव काढा आणि मग बेतून कापा.

मलमलला कटअवे नको, मागून जाड दिसतो. पाण्यात विरघळणाऱ्या कापडासारख्या बॅकिंगचे दोन थर घ्या (वरची पातळ फिल्म नव्हे, ती टाक्यांचं वजन पेलत नाही) आणि मलमल त्यांच्यासकट हूप करा. ६५/९ सुई, घनता ०.४५, सॅटिन २ मिमीहून रुंद नको, वेग ४००. भरून झालं की मागचे दोरे २ मिमीवर कापा आणि कोमट पाण्यात भिजवा. पाणी एकदा बदला, नाहीतर नाव वाळून कडक होतं. वाळल्यावर मागून मऊ विणीचं फ्यूजिंग नावापेक्षा १ सेमी मोठं, कोपरे गोल कापून, इस्त्रीने चिकटवा. कोपरे चौकोनी ठेवले तर धुताना तिथूनच सुटायला लागतं.

---

गोधडीवाली, पनवेल

कपाळपट्टी उसवते. नाव 'शर्वरी' आहे, पट्टी ३५ मिमी रुंद.

---

अक्षरवेल, सीवूड्स

मग अक्षर १२ मिमी ठेवा. वर वेलांटी आणि रफाराला ५ मिमी धरा, 'शर्वरी'ला खाली काही नाही. एकूण १७, वर-खाली शिवणीचे ७-७ सोडले तरी बसतं. रफार 'व'वर येतो आणि शेजारी 'री'ची वेलांटी आहे. त्या दोघांत किमान १ मिमी फट राहील असं बघा, नाहीतर भरल्यावर एकमेकांना चिकटतात. फाइल झाली की इथे स्क्रीनशॉट टाका, भरायच्या आधी बघून सांगते.